सोमवारचं पाणी

नाथाजीला जाग आली ती कशाच्या आवाजानं नव्हे. आवाज नव्हता म्हणून आली. गेले पाच दिवस सांगलीच्या गावकुसाबाहेरच्या या खोलीत त्याला मोटेनं उठवलं होतं. शेजारच्या मळ्यात चाक करकरायचं, मोट थारोळ्यात भसकन रिती व्हायची, आणि मोटकरी बैलांशी थोडं लाडाचं, थोडं शिवराळ असं काहीतरी बोलायचा. साताऱ्याच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून बसणाऱ्या माणसाला हा सगळा प्रकार आधी त्रासाचा वाटला होता, मग गोड वाटायला लागला होता. आज मात्र उजेड खिडकीच्या गजांपर्यंत आला तरी चाक वाजलं नव्हतं. तो अंथरुणात उताणा पडून कान देत राहिला. एक कावळा, कुणाची तरी खाकरणी, लांब गाडीतळावर घोड्याच्या घुंगरांचा आवाज, आणि मधे मोठी मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेनं त्याच्या छातीत उगीचच धडधडायला लागलं. पण छातीत धडधडायला आज दुसरंही कारण होतं, आणि त्यानं ती धडधड त्या कारणाच्या नावावर टाकून दिली.

उद्या बैठक होती. बेलाई नदीवर, वडूजच्या अंगाला, मातीचा नवा बांध उन्हाळ्यात पुरा झाला होता आणि तलाव यंदा पहिल्यांदा भरायचा होता. नदी दोघांची. वरचा भाग इंग्रजी मुलखातला, सातारा जिल्ह्यातला. खालची गावं सांगली संस्थानातली. तेव्हा तलाव कसा भरायचा, दार कधी लावायचं, खाली किती सोडायचं, हे दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी एका टेबलाशी बसून ठरवायचं होतं. आणि त्या टेबलावर जो कागद पसरायचा, तो नाथाजीनं केला होता. नाथाजी साधा ओव्हरसियर; पण त्याचे साहेब, आगटे, त्या कागदाकडे पाहून म्हणाले होते, "नाथाजीराव, हे मी माझं म्हणून सांगितलं तर रागावणार नाही ना?" नवा मातीचा बांध पुराच्या पाण्यानं एकदम भरू नये, तो मुरत मुरत भरावा. म्हणून पावसाळ्यात दार उघडंच ठेवलं होतं, आणि दसऱ्यानंतर नदी शांत झाली की रोज थोडं थोडं पाणी अडवत जायचं, असा बेत होता. नाथाजीनं तीन रंगांच्या शाईत तो तक्ता काढला होता. त्यातली निळी रेघ दिवाळीपासून निघून, कुठं न दचकता, संक्रांतीला माथ्यावर जाऊन टेकत होती. ती रेघ काढून झाल्यावर तो पेन खाली ठेवून बाहेर जाऊन पाणी प्याला होता. पाण्याला वेळापत्रक लावायचं! त्याच्या सात पिढ्यांनी पाण्याची वाट पाहिली होती. वाट पाहायला लावणारा त्याच्या घराण्यात तो पहिलाच.

बनुबाईनं चहा आणला. खोली तिची, माणूस तोंडाळ, पण चहात हात आखडत नसे. नाथाजीनं कपाला ओठ लावता लावता सहज विचारलं, "मावशी, आज मोटा कशा नाहीत?"

"आवं, सोमवार न्हवं का आज? बैलं बसल्यात." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस खरंच वडूजकडचा आहे की थापा मारतो. "तुमच्यात धरत्यात व्हय सोमवारी?"

"नाही," नाथाजी म्हणाला. "आमच्यातही नाही धरत." आणि कप तसाच हातात राहिला.

आमच्यातही नाही धरत. सोमवार शंभू महादेवाचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. औत नाही, मोट नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, जसं पाणी ओलं असतं हे कुणी शिकवत नाही. सात-आठ वर्षांचा असताना त्यानं एकदा सोमवारी खेळात खोंडाच्या मानेवर जू टाकलं होतं, आणि पलटणीतून रजेवर आलेल्या बापानं, ज्यानं तोवर त्याला बोटही लावलं नव्हतं, गोठ्यातच थोबाडीत दिली होती. "त्याला बोलता येत न्हाई म्हनून त्याचा वार खातूस व्हय रं?" गाल दोन दिवस तापला होता. ते सगळं कुठं गेलं? इंजिनिअरिंगची परीक्षा, साताऱ्याची खोली, ऑफिस. आणि तिथं रविवार सुट्टीचा झाला. त्याची सुट्टी रविवारी झाल्यावर बैलांचीही रविवारीच झाली असणार, असं काहीतरी त्याच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि घोळ झाला तो मंगळवारचा. सरहद्दीवरच्या कुरणवाडीला नदीत मोजपट्टी रोवली होती. तिथला पट्टीवाला पीरमहंमद दर मंगळवारी पहाटे पाणी किती चढलंय ते बघून कार्डावर लिहायचा आणि टपाल्याच्या हाती द्यायचा, कारण टपाल्या मंगळवारीच येई. दोन वर्षांची शंभरावर कार्डं. त्यावरनं नाथाजीनं हिशेब केला होता, की दसऱ्यानंतर बेलाईतून सेकंदाला चाळीस घनफूट पाणी सरहद्द ओलांडतं. वरच्या सगळ्या गावांनी घेऊन उरलेलं चाळीस. खालच्या गावांना पंधरा पुरे. म्हणजे पंचवीस खुशाल अडवावं. आणि ते चाळीस, कप हातात धरून नाथाजीला आता लख्ख दिसत होतं, उरलेलं नव्हतंच. ते सोमवारचं पाणी होतं. नदीकाठच्या तीनशे बुडक्यांवरच्या, म्हणजे काठाला खणलेल्या उथळ विहिरींवरच्या, तीनशे मोटा रविवारी संध्याकाळी थांबल्या, सोमवारभर बैलं रवंथ करत बसली, आणि कुणीच न उचललेली अख्खी नदी मंगळवारच्या पहाटे पीरमहंमदच्या पट्टीखालून गेली. नेमक्या त्याच वेळी, दर आठवड्याला, दोन वर्षं, तो पाण्यात उतरून ती मोजत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नाथाजी हसला. खरं तर त्याला घाम फुटला होता. पण आधी हसूच आलं.

मग इतर दिवशी किती? वीस? पंधरा? त्यातून पंचवीस कसे अडवणार? आपली निळी रेघ संक्रांतीला माथ्यावर टेकेल, आणि त्याच्या कितीतरी आधी खालच्या गावांच्या बुडक्यांत चिखल होईल. त्यानं तक्ता काढून पलंगावर पसरला. रेघ तशीच देखणी होती. आणि मग, थोड्या उशिरानं, त्याला कृष्णात आठवला. कृष्णात, थोरला भाऊ, दीड वर्षापूर्वी ब्रह्मदेशच्या लढाईतून परत आलेला. नव्या कालव्याच्या अगदी शेपटाला त्यांचं गाव, हिवरमाळ, आणि गावाच्या शेपटाला त्यांची आठ एकरं. श्रावणात नाथाजी गावी गेला होता तेव्हा शेताच्या बांधावर उभा राहून हात हलवत म्हणाला होता, "दादा, यंदा शाळू टाकू नकोस. रान मोकळं ठेव. संक्रांतीला पाटाला पाणी आलं नाही तर माझं नाव बदल. ऊस लावायचा!" कृष्णातनं मान हलवली होती. वर्षाची ज्वारी त्या आठ एकरांतून यायची. तेव्हा आता गोष्ट अशी होती : नाथाजी गप्प बसला तर उद्या तक्ता मंजूर होणार, तलाव भरणार, हिवरमाळला पाणी जाणार, आणि खालच्या गावांचं जे होईल त्याचं खापर पावसावर फुटणार; आणि बोलला तर आपल्याच भावाचं रान त्यानं आपल्याच तोंडानं पडीक पाडलं. मोटा का थांबल्या हे बनुबाईला ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्या मोटा आणि तो मंगळवार एकत्र जोडणारा माणूस सगळ्या मुलखात एकटा नाथाजी होता. हा विचार भयंकर होता. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, की त्यात एक मजाही होती. त्याला बसवेना. त्यानं चौकातून भाड्याची सायकल घेतली आणि कुरणवाडीचा रस्ता धरला, बारा मैल.

रस्त्याला दोन्ही अंगांनी बैलं बसली होती. इतके दिवस त्यानं बैल पाहिला की बैल दिसायचा. आज प्रत्येक बैलामागं त्याला पाणी दिसत होतं. ही जोडी म्हणजे दिवसाला एवढं, ती जोडी म्हणजे तेवढं. तो पायडल मारत मोजत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. आपण खरं ठरावं असं त्याला वाटत होतं की खोटं ठरावं, हे त्याला स्वतःला विचारायचं धाडस होत नव्हतं. वारा मागून होता. तेवढ्यापुरता तो सुखी होता.

पीरमहंमद घराच्या ओट्यावर गादीचा कापूस पिंजत बसला होता. कापसानं पांढरा झालेला, साठीचा माणूस. पट्टी बघायचं काम त्याला धंद्याच्या जोडीला मिळालेलं. साहेब स्वतः सायकलवर आलेला पाहून तो गडबडून उठला. "काय चुकलं का सायब? कार्ड दर मंगळवारी टाकतुया. एक खाडा न्हाई."

"तुमचं काही चुकलं नाही. मला एवढंच सांगा, शनिवारी पाणी किती असतं?"

"शनवारी?" पीरमहंमदनं दाराआड उभ्या बायकोकडे, जैनबकडे पाहिलं. "शनवारी कोन बघतंय? कागदावर मंगळवार लिवलाय."

आतून जैनब म्हणाली, "शनवारी धुन्याच्या धोंड्याला बी लागत न्हाई पानी. वाकळा धुवायच्या तर मंगळवारीच धुतो की समद्या बाया. मंगळवारी धोंडा निम्मा बुडतो." आणि थोडं थांबून तिनं विचारलं, "तुमाला म्हाईत न्हवतं?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुनी इचारलंच न्हाई," पीरमहंमद म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

तिघं नदीवर गेले. दुपार होती. पट्टीवर पाणी अगदी खालच्या आकड्याशी होतं, धुण्याचा धोंडा कोरडा तापलेला होता, आणि नाथाजी त्या धोंड्यावर बूट काढून बसला. पीरमहंमद म्हणाला, दिवस कलला की चढायला लागतं, वरचं पाणी पोचायला तेवढा वेळ लागतो. नाथाजी पट्टीवर नजर लावून बसला. पाण्याकडे असं एकटक त्यानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो पाण्याचे आकडे पाहायचा. आता एक बारकी काडी पट्टीला अडकली होती, ती हलली. मग पुन्हा नाही. मग ती सुटून गेली. ओली रेघ जिथं होती तिथं नव्हती, वर होती. एक बोट. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. वर वीस मैलांत कुठंकुठं गोठ्यांत बसलेली बैलं, त्यांच्या कानांवरच्या माश्या, मोटांचे सैल सोडलेले दोर, आणि इथं पट्टीवर एक बोट, दोन बोटं! सूर्य कलला तसं पाणी धोंड्याच्या पायथ्याशी आलं, त्याच्या अनवाणी टाचेला गार लागलं, आणि नाथाजी, सरकारी ओव्हरसियर, वय बत्तीस, मोठ्यानं ओरडला, "आलं!" पीरमहंमदनं चमकून पाहिलं. जैनब तोंडाला पदर लावून हसली. नाथाजीला त्याचं काही वाटलं नाही. आपली दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, हे तो पाण्यातच पाय सोडून पाहत होता, आणि त्याला आनंद झाला होता. खराखुरा, पोटातनं आलेला.

त्या आनंदातच त्याला दुसरी गोष्ट सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा समोरनं चालत आली. हे जे पाणी चढतंय, ते कुणाचं? आज ते कुणीच उचललं नाही. मग तेवढंच अडवावं! रविवारी दिवेलागणीला बांधाचं दार लावायचं, सोमवारी दुपारी उघडायचं, म्हणजे मंगळवारी पहाटे पहिली मोट पाण्यात पडायच्या आत नदी जागेवर. बाकीचे सहा दिवस हात लावायचा नाही. खालच्या गावांना पिण्यापुरती धार ठेवायची. त्यानं खिशातल्या चिठोऱ्यावर भराभर आकडे मांडले. संक्रांतीला तलाव सोळा आणे भरत नव्हता. पावसाचं तळाला राहिलेलं धरून जेमतेम पाच आणे. पण बांध मुरणार, आणि पुढच्या पावसाळ्यात बेलाशक दार लावता येणार. पाच आण्यांत कालव्याचं पाणी पहिल्या तीन गावांपर्यंत जात होतं. हिवरमाळ अकरावं. त्यानं तो हिशेब पुन्हा केला. अकरावं ते अकरावंच राहिलं.

"बाई," तो जैनबला म्हणाला, "तुमचं मंगळवारचं पाणी जाईल बहुतेक."

"कुठं?"

"वडूजकडं. माळाला."

जैनबनं थोडा विचार केला. "मंग खालच्या डोहावर जाऊ वाकळा घिऊन. घागरीपुरतं तेवढं ठिवा, म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आगटेसाहेबांना डाक बंगल्यावर गाठलं. साहेब दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून. मग म्हणाले, "तो आकडा माझ्या सहीनं वर गेलाय, नाथाजीराव. आज मंजुरी होऊ द्या. महिन्याभरानं दुरुस्ती सुचवू. गाजावाजा नको."

"महिन्याभरात खालच्या बुडक्या आटतील, साहेब."

"तुमचं गाव कालव्यावरच आहे ना?" साहेबांनी आरशातूनच विचारलं.

"शेवटचं."

"मग तुम्हांला काय झालंय?" हे त्यांनी रागानं नव्हे, खऱ्या कुतूहलानं विचारलं होतं. काय झालंय? टाचेला पाणी लागलंय, असं सांगायचं?

बैठकीत त्याला तक्ता वाचायला उभं केलं. संस्थानचे इंजिनिअर, दोन मामलेदार, आगटेसाहेब, पंखा, शाईचा वास. त्यानं निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि त्याला वाटलं, वाचून टाकावं; रेघ इतकी सरळ आहे, आणि दादाचं रान मोकळं आहे. "ही रेघ," तो म्हणाला, "ही रेघ चुकली आहे. चूक माझी आहे. सोमवारी बैलं बसतात, हे मी विसरलो." पुढं तो पाऊण तास बोलला. आधी अडखळत, मग भरधाव. मंगळवार, पट्टी, धुण्याचा धोंडा, तीनशे मोटा, रविवारची दिवेलागण. मधेच त्याला कळलं की आपण हात हलवतोय, अगदी श्रावणात बांधावर हलवले होते तसे, आणि तो लाजून थांबला. मग संस्थानचे इंजिनिअर, टक्कल पडलेले गंभीर गृहस्थ, हळूच म्हणाले, "म्हणजे बैलांच्या सुट्टीवर तलाव भरायचा!" आणि इतके मोकळे हसले की मामलेदारही हसले. आगटेसाहेब हसले नाहीत. पण सही करायला पेन त्यांनीच आधी काढलं. जिन्यात ते नाथाजीला एवढंच म्हणाले, "बढतीचं यंदा विसरा." नाथाजी "होय साहेब" म्हणाला, आणि धावत मोटारतळावर गेला. त्या दिवशी त्याला कुठलीच गोष्ट चालत करता येत नव्हती.

सर्व्हिस मोटार विट्याला रात्रीपुरती मुक्कामाला थांबली. दुसऱ्या दिवशी वडूजला उतरून दोन कोस चालताना मात्र त्याची घाई ओसरली. सांगलीत बोललेलं सगळं खरं होतं, पण ते दादाला एका वाक्यात सांगायचं होतं : यंदा पाणी येणार नाही. त्यानं ते वाक्य नाना प्रकारे फिरवून पाहिलं. आठवडाभर आधी कळलं असतं तर पेरणी साधली असती. आता वाफसा गेला. वर्षभर घर काय खाणार? दादा काही बोलणार नाही. लढाईहून आल्यापासून तो कमीच बोलायचा. त्याचं न बोलणं कसं सोसायचं याची नाथाजी मनातल्या मनात तालीम करत होता. ऊन उतरलं होतं, माळावरचं गवत पिवळं पडत होतं, आणि त्याला आता धावत जावंसं वाटत नव्हतं, परत फिरावंसंही वाटत नव्हतं.

वळण घेऊन तो वर आला आणि थांबला. आठ एकर हिरवं होतं. ओळीनं, वीतभर उंचीचा शाळू, कोवळा, वाऱ्यावर एका अंगाला लवलेला. कृष्णात मधे उभा राहून कोळपं हाकत होता. भावाला पाहून त्यानं बैल थांबवले.

नाथाजीच्या तोंडात जुळवून ठेवलेलं वाक्य तसंच राहिलं. "कधी पेरलास?"

"दसऱ्याच्या आदी. वाफसा बरा गावला."

"मी नको म्हणालो होतो. दादा, तू मान हलवलीस. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता, तर तेव्हाच का नाही बोललास?"

कृष्णातनं पायानं कोळप्याला चिकटलेली माती सोडवली. "इस्वासाचं न्हवं रं," तो म्हणाला. "तू लय खुशीत व्हतास. लढाईवरनं आल्यापास्नं मी कुनाला एवढं खुशीत बघितलं न्हवतं."

मग त्यानं बैलांना चुचकारलं आणि पुढची ओळ धरली. नाथाजी बांधावर खाली बसला.